एका मेकअप ब्रँडची झडती : सात आठवड्यांच्या नोंदी

४ मे

भाचीने विचारलं, "मावशी, या कंपनीचं सामान घेऊ का गं? सगळ्याजणी तेच वापरतात." मी तोऱ्यात सांगितलं, "रविवारपर्यंत कळवते."

ब्रँडचं नाव इथे लिहिणार नाही. नाव दिलं की लोक निकाल उचलतात आणि निघून जातात. शिवाय माझा निकाल त्यांच्या सहा वस्तूंपुरताच असेल : लिक्विड फाउंडेशन, साधी कांडीची लिपस्टिक, मॅट लिक्विड लिपस्टिक, बारा रंगांची आयशॅडो पॅलेट, वॉटरप्रूफ मस्कारा आणि कॉम्पॅक्ट पावडर. वहीत तीन रकाने आखले. नीती, घटक, दर्जा. प्रत्येकाला दहा गुण, बेरीज तीसपैकी. पानाच्या डोक्यावर लाल पेनाने 'अंतिम निकाल' असं लिहूनही ठेवलं.

७ मे

तीन संध्याकाळी कंपनीच्या संकेतस्थळावरून घटकांच्या याद्या उतरवण्यात गेल्या. मग बारकोड स्कॅन करून गुण सांगणारी दोन ॲप घेतली. एकाच फाउंडेशनला एकाने हिरवा शेरा दिला, दुसऱ्याने लाल. दोन्ही ॲप घटकाचं नाव बघून बोलतात. तो किती घातलाय हे त्यांना माहीत नसतं, आणि डब्यावर प्रमाण छापलेलंच नसेल तर कळणार तरी कुठून? दोन्ही काढून टाकली.

९ मे

तोंडावर आपटले. मस्काऱ्याचं खोकं सहज हातात घेतलं तर त्यावरची यादी माझ्या वहीतल्या यादीशी जुळेना. संकेतस्थळावर पॅराबेनचा, म्हणजे माल टिकवणाऱ्या घटकांपैकी एका गटाचा, पत्ता नाही, खोक्यावर मिथाइलपॅराबेन आणि प्रोपिलपॅराबेन दोन्ही. कंपनी मधेच कृती बदलते, जुना माल दुकानात पडून असतो, आणि संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतंच की 'घटक बदलू शकतात, वेष्टन पाहावे'. ते मी वाचलं नव्हतं. तीन संध्याकाळी पाण्यात.

त्यात दोन खोकी मी उत्साहाच्या भरात टाकून दिली होती. लिपस्टिकच्या नळीवर यादी मावत नाही, ती खोक्यावरच असते. रद्दीच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून दोन्ही शोधली. हे करणार असाल तर आधी खोक्याचे फोटो काढा, बॅच नंबरसकट, आणि मगच सील फोडा.

१२ मे

आज कुठे यादी वाचायला जमली. जास्त वजनाचा घटक आधी, कमी वजनाचा नंतर, हा नियम एक टक्क्यापर्यंतच चालतो. त्याखालचे घटक कंपनीने कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात आणि रंग सगळ्यात शेवटी. म्हणजे एक टक्क्याची रेघ कुठे पडते ते शोधायचं. त्यासाठी मला फेनॉक्सीइथेनॉल उपयोगी पडलं. माल टिकवणाऱ्या या घटकाची युरोपात कमाल मर्यादा एक टक्का आहे. माल तिथेही विकला जात असेल तर यादीत हे नाव आलं की त्याच्या पुढचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी असं धरायला हरकत नाही.

फाउंडेशनच्या खोक्यावर दर्शनी बाजूला दोन गोष्टी ठळक आहेत, हायलुरॉनिक ॲसिड आणि गुलाबाचा अर्क. यादीत दोन्ही फेनॉक्सीइथेनॉलच्या मागे. गुलाब तर रंगांच्या आधी शेवटून दुसरा. चोर सापडल्याच्या आनंदात मी घटकांचे तीन गुण कापले. रात्री पुन्हा विचार केला तेव्हा जाणवलं की सोडियम हायलुरोनेट (हायलुरॉनिक ॲसिड यादीत या नावाने येतं) मुळात एवढंसंच घालतात, जास्त घातलं तर माल चिकट घट्ट होतो. त्याचं मागे असणं हा गुन्हा नाही. दोन गुण परत दिले, गुलाबाचा एक कापलेलाच ठेवला. त्या खोक्यावरचा गुलाब डब्यातल्या गुलाबापेक्षा नक्कीच वजनदार असेल.

१३ मे

पॅराबेनवरून बहिणीशी वाद. तिचं म्हणणं, ते दिसलं की वस्तू फेकायची. मीही कालपर्यंत तेच म्हणत होते. पण युरोपात २०१४ साली पाच पॅराबेनांवर बंदी आली, त्यात आयसोप्रोपिल आणि आयसोब्युटिल होते. प्रोपिल आणि ब्युटिल यांना ०.१४ टक्क्यांची मर्यादा पडली. मिथाइल आणि इथाइल ०.४ टक्क्यांपर्यंत चालतात. सगळी एका माळेची नाहीत. उलट पॅराबेनच्या धास्तीने ज्या कंपन्यांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा माल टिकवणारा दुसरा घटक वापरायला सुरुवात केली, त्यांच्या मालाने ॲलर्जीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्वचेवर राहणाऱ्या मालात ते युरोपाने २०१७ पासून बंदच केलं. 'पॅराबेन-मुक्त' लिहिलेल्या डब्यात बदली कोण आलंय ते बघायला हवं. मस्काऱ्याचे गुण तसेच ठेवले. ताई रुसली.

१६ मे

रंगांचे आकडे. हे पाठ केले की काम निम्मं होतं : ७७८९१ टायटॅनियम डायऑक्साइड, ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ म्हणजे लाल, पिवळे, काळे आयर्न ऑक्साइड, ७७०१९ अभ्रक. आणि ७५४७०, कारमाइन. ते कोशिनील नावाच्या किड्यांपासून काढतात. भाची प्राण्यांपासून आलेलं काहीच वापरत नाही, त्यामुळे माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात महत्त्वाचा आकडा.

कांडीच्या लिपस्टिकच्या यादीत तो आहे, पण अधिक-उण्याच्या खुणेनंतर. त्या खुणेचा अर्थ 'असू शकतं'. सगळ्या छटांना मिळून एकच यादी छापायची आणि कुठल्या छटेत काय ते सांगायचं नाही, अशी ही सोय आहे. छापखान्याची असेल, माझी नाही. खोक्यावर ससा आहे आणि आत किडा असू शकतो, आणि दोन्ही एकाच वेळी नियमात बसतं. कारण ससा म्हणजे प्राण्यांवर चाचणी केली नाही एवढंच. मधमाशीचं मेण, लोकरीतलं लॅनोलिन, माशांच्या खवल्यांतलं ग्वानिन यांच्याबद्दल ससा काही बोलत नाही.

२० मे

ससा कोणाचा? चार दिवस या प्रश्नात गेले. वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे.

लीपिंग बनी हा सशाची खूण देणारा कार्यक्रम १९९६ पासून आहे. त्यात कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते आणि त्या तारखेनंतर ना माल, ना कच्चा घटक प्राण्यांवर तपासायचा. पुरवठादारांकडूनही तसं लिहून घ्यावं लागतं आणि बाहेरच्या लोकांकडून तपासणी होते. पेटा या प्राणिहक्क संस्थेचा कार्यक्रम मुख्यतः कंपनीने दिलेल्या लेखी हमीवर चालतो. आमच्या खोक्यावरचा ससा मात्र दोघांचाही नाही. भिंगातून पाहिला. कान वेगळे, शेपूट वेगळी आणि खाली नुसतं 'आम्हाला प्राणी प्रिय आहेत'. दोन्ही कार्यक्रमांच्या याद्यांत ब्रँडचं नाव शोधलं, मिळालं नाही. ससा खोक्यावर बघायचाच नाही, यादीत शोधायचा, हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

दुसरी चूक त्याहून मोठी. 'यांचा माल युरोपात विकला जातो, तिथे चाचणीवर बंदी आहे, म्हणजे हे स्वच्छ' असं धरून मी दहापैकी आठ देऊन बसले होते. युरोपातली बंदी टप्प्याटप्प्याने आली : २००४ मध्ये तयार मालावर, २००९ मध्ये घटकांवर, आणि ११ मार्च २०१३ पासून तसा तपासलेला माल विकण्यावर. पण रसायनांचा वेगळा कायदा आहे आणि कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी त्याखाली अजूनही चाचणी मागितली जाऊ शकते. आणि तोच ब्रँड दुसऱ्या देशात दुसऱ्या नियमाखाली विकत असतो. चीनमध्ये आयात होणाऱ्या सर्वसाधारण सौंदर्यप्रसाधनांना १ मे २०२१ पासून अटींवर सूट मिळाली, त्याआधी प्राण्यांवरची चाचणी सहसा चुकवता येत नव्हती. खास वर्गातला माल, म्हणजे केसांचा रंग, सनस्क्रीन वगैरे, त्या सुटीत नाही. आता 'चीनमध्ये विकतात' एवढ्यावरून ब्रँड वाईट ठरवणाऱ्या जुन्या याद्याही उपयोगाच्या राहिल्या नाहीत. आठ गुण खोडले, जागा रिकामी ठेवली.

२३ मे

कंपनीला मेल. चौदा प्रश्न, क्रमवार, नम्रपणे.

१ जून

नऊ दिवसांनी उत्तर. "आपला विश्वास आमच्यासाठी अनमोल आहे." चौदापैकी एकाही प्रश्नाला हात लावलेला नाही, शेवटी सवलतीचं कूपन. चूक त्यांची तर आहेच, थोडी माझीही. चौदा प्रश्न एकत्र गेले की ते कुणा एकाच्या टेबलाचे राहत नाहीत, आणि मग साचेबंद उत्तरच येतं.

आज चार वेगळ्या मेल पाठवल्या, प्रत्येकीत एक प्रश्न. कारमाइन कुठल्या छटांमध्ये आहे? अभ्रक कुठल्या खाणींतून येतं? कॉम्पॅक्टमधल्या टाल्कची (मऊ खनिज पावडर) ॲसबेस्टॉससाठी (कर्करोग करणारं तंतुमय खनिज) तपासणी कोणत्या पद्धतीने होते? आणि चौथी : तुम्ही किंवा तुमच्या वतीने आणखी कुणी, कुठल्याही देशात प्राण्यांवर चाचणी करतं का? हो किंवा नाही, 'कायद्याने बंधनकारक असेल ते वगळता' हे शब्द न वापरता.

४ जून

दर्जाकडे वळले, उत्तरांची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता. फाउंडेशन हातावर लावून रंग काळवंडतो का ते बघायचं होतं. पहिल्या दिवशी न्हाणीघरातल्या पिवळ्या दिव्याखाली फोटो काढले, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी, तिसऱ्या दिवशी ढग आले. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो ही आणखी एक भर. तीन दिवसांचे फोटो एकमेकांशेजारी ठेवले तर तीन वेगळ्या बायकांचे हात वाटत होते. सगळे पुसले.

सुधारलेली पद्धत : एकच खिडकी, एकच वेळ, आणि प्रत्येक फोटोत हाताशेजारी पांढऱ्या कागदाचा तुकडा. लावल्यावर, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, सहा तासांनी. शिवाय त्याच बाटलीतला एक थेंब कागदावरही. कागदावरचा थेंब सहा तासांनी तसाच होता, हातावरचा पट्टा अर्ध्या तासातच नारिंगीकडे झुकला. त्वचेच्या तेलात मिसळून रंग बदलतो तो असा. दुकानात लावून लगेच आरशात बघून घेणारी प्रत्येकजण इथेच फसते.

५ जून

फाउंडेशनच्या बारीक गोळ्या सुटल्या, खोडरबर घासल्यासारख्या. ब्रँडला शिव्या घालून झाल्यावर कळलं की खालचं क्रीम पाण्याचं होतं, ते नीट मुरायच्या आधीच वर सिलिकोनचं फाउंडेशन फासलं होतं. दहा मिनिटं थांबले, गोळ्या गेल्या.

६ जून

हे मला आवडलं म्हणून सविस्तर. फाउंडेशनवर एसपीएफ ३०, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, छापलंय. तो आकडा काढताना प्रयोगशाळेत चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावतात. मी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा आणला, या प्रकल्पातली एकमेव शहाणी खरेदी. बाटली आधी तोलली, नेहमीसारखं लावलं, परत तोलली. ०.३४ ग्रॅम. चेहरा साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरला तर छापील एसपीएफसाठी १.२ ग्रॅम लागतं, जवळपास साडेतीन पट. तेवढं खरंच लावून पाहिलं. भाचीने दार उघडलं आणि परत लावून घेतलं.

तर छापलेला आकडा खोटा नाही, पण त्या जाडीचं फाउंडेशन लावून कुणी घराबाहेर पडणार नाही. ऊन अडवायला वेगळं सनस्क्रीनच. दर्जाचे गुण यासाठी कापले नाहीत, सगळेच ब्रँड हेच करतात. मग 'सगळेच करतात' म्हणून सोडायचं की नाही यावर पाऊण तास घालवला.

७ जून

खाज. रोज दोनदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं थोडं, सलग सात दिवस, अशी घरगुती चाचणी लावली होती. पाचव्या दिवशी लाल चट्टा. पण घाईत मी एकाच हातावर, बोटभर अंतराने, मॅट लिपस्टिक आणि कॉम्पॅक्ट दोन्ही लावत होते आणि खुणाही केल्या नव्हत्या. चट्टा बरोबर मधे. पाच दिवस गेले, कळलं काहीच नाही. चट्टा जाईपर्यंत थांबायचं, मग एका वेळी एकच वस्तू, भोवती पेनाने चौकोन.

दरम्यान मॅट लिपस्टिकच्या यादीत 'परफ्यूम' हा एक शब्द. त्या एका शब्दाखाली डझनावारी सुगंधी द्रव्यं मावतात. युरोपात ॲलर्जी करणारी ठरावीक द्रव्यं, त्वचेवर राहणाऱ्या मालात ०.००१ टक्क्यांपेक्षा जास्त असली तर नावाने लिहावी लागतात. म्हणून त्याखाली लिनालूल आणि बेंझिल अल्कोहोल दिसतात. ही यादी आधी २६ नावांची होती, २०२३ च्या नियमाने ती ऐंशीच्या वर गेली. 'हायपोॲलर्जेनिक' शब्दावर मात्र विसंबू नका, अमेरिकेत त्याला कायदेशीर व्याख्याच नाही.

१४ जून

अभ्रकाचं उत्तर आलं : "आमच्या सर्व पुरवठादारांना आचारसंहिता लागू आहे." खाणीचं नाव नाही, राज्याचं नाही, देशाचंही नाही.

पॅलेटच्या बारापैकी नऊ रंगांत अभ्रक आहे, चमक त्याचीच. जगातलं बरंच अभ्रक झारखंड आणि बिहारमधून येतं. तिथे सोडून दिलेल्या खाणींतला चुरा, ज्याला ढिबरा म्हणतात, तो वेचायला मुलंही जातात आणि बिळासारख्या खड्ड्यांत दबून मरतात. २०१६ मध्ये हे बातम्यांत मोठ्या प्रमाणावर आलं, २०१७ मध्ये कंपन्यांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह सुरू केला. आमचा ब्रँड त्याचा सभासद असल्याचं कुठे लिहिलेलं मिळालं नाही.

सोपा मार्ग म्हणजे कृत्रिम अभ्रक, यादीत 'सिंथेटिक फ्लुओरफ्लोगोपाइट' म्हणून येतं. मी तेच वापरणाऱ्यांना जास्त गुण द्यायला निघाले होते. पण ढिबरा वेचणाऱ्या घराला माझ्या कृत्रिम चमकेतून काय मिळणार? सगळ्यांनी पाठ फिरवली तर मूल खड्ड्यातून निघेल आणि घरात तेवढेही पैसे येणार नाहीत. खाणीपर्यंत माग काढणारी, मजुरीची हमी घेणारी कंपनी मला कृत्रिमवालीपेक्षा वर वाटते. हे दहापैकी किती, ते लिहिता येईना. पेन ठेवून दिलं.

१५ जून

मस्काऱ्याच्या आणि कॉम्पॅक्टच्या यादीत 'फ्लुओरो' शोधलं, फ्लुओरिनवाली, सहजी न विघटणारी रसायनं (पीएफएएस) ओळखायची ती खूण. कॉम्पॅक्टमध्ये पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन निघालं, भांड्यांना न चिकटणारा थर देतात तेच, पावडर रेशमी लागावी म्हणून. मस्काऱ्यात नाही. पण २०२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिका-कॅनडातली २३१ प्रसाधनं तपासली तेव्हा निम्म्याहून जास्त वस्तूंत फ्लुओरिनचं प्रमाण जास्त निघालं, वॉटरप्रूफ मस्कारे त्यात पुढे, आणि बहुतेकांच्या लेबलवर तसा घटक लिहिलेलाच नव्हता. यादीत नाही म्हणजे डब्यात नाही, असं लिहायला हात धजावत नाही. घरी हे तपासता येत नाही, इथे माझी झडती संपते.

टाल्कचंही तेच. टाल्क आणि ॲसबेस्टॉस जमिनीत शेजारी सापडतात, भेसळ खाणीतच होते आणि यादीत ती कधीच दिसणार नाही. तपासणीचा कागद मागणं एवढंच हातात आहे.

१९ जून

कारमाइनचं उत्तर आलं आणि मी खुर्चीतून उठलेच. छटांचा पूर्ण तक्ता. अठरापैकी सात छटांत कारमाइन, अकरांत नाही, नावांसकट. उत्तर देणाऱ्या मुलीने खाली लिहिलंय, 'नवीन बॅचसाठी पुन्हा विचारा.' अख्ख्या कंपनीत एक माणूस नीट काम करतं आणि आपलं मत हलतं, हे कबूल करते.

प्राण्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी. "आम्ही प्राण्यांवर चाचणी करत नाही, कायद्याने बंधनकारक असेल ते वगळता." नको म्हटलेले शब्द जसेच्या तसे.

खाजेचा निकालही लागला. सात दिवस एकटं कॉम्पॅक्ट, काही नाही. मग मॅट लिपस्टिक, तिसऱ्याच दिवशी चौकोनात लाली. ती माझ्यापुरती बाद, दुसरीला कदाचित काहीच होणार नाही.

२२ जून

बेरीज करून पाहिली. तीसपैकी सतरा. मग चारदा वेगळ्या तऱ्हेने केली : चौदा, एकोणीस, सतरा, एकवीस. 'अंतिम निकाल' लाल पेनानेच खोडला. त्या जागी प्रत्येक वस्तूपुढे एकेक ओळ लिहिली आणि पान फाडून भाचीला दिलं.

कांडीची लिपस्टिक : तक्त्यातल्या अकरा छटांपैकी घे, वास नाही, रंग चार तास टिकतो. फाउंडेशन : नको, नारिंगी होतं. मस्कारा : चालेल, उघडल्यावर सहा महिन्यांत टाकायचा, नळीखाली तारीख लिहिली आहे. मॅट लिपस्टिक : आधी कोपरावर सात दिवस. पॅलेट : अभ्रक कुठून येतं ते सांगेपर्यंत नवीन घ्यायची नाही, आहे ती मी संपवते. ससा : त्यांनी स्वतः काढलाय.

तिने वाचलं आणि म्हणाली, "मावशी, रविवार म्हणाली होतीस. सात रविवार झाले." लिपस्टिकची छटा तिने तेवढ्यात निवडलीसुद्धा होती.

कॉम्पॅक्टपुढची ओळ कोरी आहे. टाल्कच्या मेलला उत्तर नाही, आज तिसऱ्यांदा पाठवली. डबा टेबलावर आहे, झाकण लावून.